चाळिशी लागल्यावर पीएचडी

पीएचडी प्रवेशाची जाहिरात निघाली की सेनगावसारख्या तालुक्याच्या गावातही हालचाल सुरू होते. कनिष्ठ महाविद्यालयात पंधरा-वीस वर्षे शिकवणारे शिक्षक, तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, कृषी किंवा आरोग्य खात्यात नोकरीला असलेले पदवीधर, मुले थोडी मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या महिला, असे सगळेच कपाटातली जुनी गुणपत्रके शोधू लागतात. यातल्या अनेकांची पदवी जिल्ह्यातल्याच महाविद्यालयातली असते आणि तिच्यावर नाव असते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. मग चर्चा सुरू होते. डॉक्टरेट त्याच विद्यापीठात करावी, की दुसरीकडे जावे? आणि वय पंचेचाळीस, रक्तातली साखर काठावर, झोप आधीच अपुरी, हे सगळे झेपेल का? पहिला प्रश्न शिक्षणाचा आणि दुसरा आरोग्याचा वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाचे उत्तर चुकले तर दुसऱ्याचेही चुकते.

त्याआधी एक गंमत. ‘आपले विद्यापीठ’ म्हणजे नेमके कोणते, हे मराठवाड्यात वयावर ठरते. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलांना 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जावे लागे. 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. 17 सप्टेंबर 1994 रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला विष्णुपुरीत नवे विद्यापीठ उभे राहिले. नांदेड, लातूर आणि परभणी त्याच्याकडे गेले. परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्याच्याकडेच राहिला. त्यामुळे 1992 साली बी.एस्सी. झालेला सेनगावचा माणूस औरंगाबादची पदवी घेऊन बसला आहे आणि त्याचा धाकटा भाऊ नांदेडची. डॉक्टरांचे आणखी वेगळे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये अस्तित्वात आले. त्याआधी अंबाजोगाईहून एमबीबीएस झालेल्यांची पदवी मराठवाडा विद्यापीठाची, पण वैद्यकातील डॉक्टरेटसाठी आता त्यांना नाशिककडे पाहावे लागते. माणूस जागचा हलला नाही, विद्यापीठच हलले.

डॉक्टरांविषयीचा एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. गावाकडे ‘एमडी झाले म्हणजे डॉक्टरेट झाली’ असे समजले जाते. आपल्याकडे एमडी ही पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यात प्रबंध असतो, पण भर रुग्ण तपासण्यावर आणि उपचारांवर असतो. पीएचडी म्हणजे एका प्रश्नामागे काही वर्षे लागणे. देशात टेस्ट ट्यूब बेबीच्या कामाने प्रसिद्ध झालेल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी या विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएचडी वेगळी मिळवली. उलट, जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, महाडच्या परिसरात, विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. ते एमडी. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल होणारे रुग्ण हीच त्यांची प्रयोगशाळा होती. संशोधनासाठी नेहमीच आणखी एक पदवी लागते असे नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच लक्षात घेतलेले बरे. पगारवाढ किंवा पात्रता हे कारण असेल तर तेही प्रामाणिक कारण आहे, पण ते स्वतःशी तरी कबूल करावे.

आता जुन्या विद्यापीठात परतण्याविषयी. जगभरातल्या शिक्षणतज्ज्ञांमध्ये याला एक बोचरे नाव आहे, ‘शैक्षणिक सगोत्रता’. जिथे पदवी घेतली तिथेच डॉक्टरेट, मग तिथेच नोकरी, आणि पुढे आपल्याच विद्यार्थ्यांना तिथेच चिकटवणे. जवळच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत राहिली की सुप्त जनुकीय दोष वर येण्याची शक्यता वाढते. तीच उपमा इथे वापरली जाते. एकाच विभागात तेच विचार, त्याच पद्धती, त्याच चुका फिरत राहतात आणि कुणाला त्या चुका वाटतही नाहीत. ह्यूगो ओर्टा आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील प्राध्यापकांचा अभ्यास करून 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे डॉक्टरेट केली तिथेच नोकरीला राहिलेल्यांचे शोधनिबंध इतरांपेक्षा सरासरी 15 टक्क्यांनी कमी भरले आणि बाहेरच्या संशोधकांशी त्यांची देवाणघेवाणही कमी आढळली. जर्मनीत आपल्याच विद्यापीठातल्या माणसाला थेट प्राध्यापकपदी न नेमण्याचा संकेत आहे, तो याच भीतीपोटी.

पण हे आकडे जपून वाचायला हवेत. ते नोकरीला चिकटून राहणाऱ्यांविषयीचे आहेत. पदवी घेतली, बाहेर वीस वर्षे काम केले, आणि मग एक प्रश्न घेऊन परत आले, अशांची गोष्ट वेगळी. आणि तिथेच राहूनही उत्तम काम झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तत्कालीन रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, 1966 मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि 1969 मध्ये तिथूनच पीएचडी. इमारत तीच, आवार तेच. मग सगोत्रतेचा दोष का लागला नाही? कारण त्यांचे मार्गदर्शक प्रा. एम. एम. शर्मा स्वतः यूडीसीटीचे विद्यार्थी असले तरी केंब्रिजला डॉक्टरेट करून 1964 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, प्राध्यापक म्हणून परतले होते. पुढे माशेलकरही इंग्लंडमध्ये सॅलफर्डला काम करून 1976 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. बाहेरचा वारा शिष्याच्या आधी गुरूने आणला होता. माशेलकरांचे यश एकट्या संस्थेच्या नावावर मांडणारे लोक हा मधला दुवा सोडून देतात.

म्हणून ‘कोणते विद्यापीठ’ यापेक्षा ‘कोणता मार्गदर्शक, कोणती प्रयोगशाळा आणि कोणता प्रश्न’ हे विचारणे जास्त उपयोगाचे. सेनगावच्या चार पोटी जीव असलेल्या माणसाला ‘पुण्याला जा, बंगळुरूला जा’ असे सांगणे सोपे असते. सांगणाऱ्याला घरभाडे भरायचे नसते. अशा माणसासाठी नांदेड हाच व्यवहार्य पर्याय असेल, तर तिथे खिडकी उघडी ठेवता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेझरचे किरण धावणार आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान बदल मोजले जाणार. केंद्र सरकारने त्यासाठी 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. त्याच जिल्ह्यात हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या, तिला पॉलिश करणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत किती धूळ जाते, हाही एक प्रश्न आहे आणि त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. श्वासाची ताकद मोजणारे स्पायरोमीटर, चिकाटी आणि मजुरांचा विश्वास एवढे पुरते. तो विश्वास बाहेरून आलेल्या संशोधकापेक्षा इथल्या माणसाला लवकर मिळतो. जुन्या विद्यापीठात परतण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे: प्रश्न इथला असेल तर संशोधकही इथला असण्यात काही कमीपणा नाही.

वयाचे काय? इथे एका परदेशी डॉक्टर बाईंची हकिकत सांगायलाच हवी. इंगेबोर्ग रापोपोर्ट यांनी हॅम्बुर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि 1938 मध्ये घटसर्पावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थी शिक्षणाबरोबरच असा प्रबंध लिहितात. पण त्यांची आई ज्यू होती आणि देशात नाझी राजवट होती. तोंडी परीक्षेला बसायची परवानगी नाकारली गेली. प्रबंध चांगला आहे, केवळ कायद्यामुळे स्वीकारता येत नाही, असे त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी लेखी दिले. त्या अमेरिकेला गेल्या. तिथे बऱ्याच ठिकाणी नकार पचवल्यावर फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाने प्रवेश दिला. मराठी वाचकांना हे नाव ओळखीचे असेल: आनंदीबाई जोशी 1886 मध्ये डॉक्टर झाल्या त्या याच कॉलेजातून. पुढे रापोपोर्ट पूर्व बर्लिनला आल्या आणि शारिते रुग्णालयात नवजात बालकांच्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. 2015 मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठाने जुनी चूक दुरुस्त करायची ठरवली. मानद पदवी देऊन मोकळे होता आले असते, पण परीक्षा घ्यायचे ठरले. बाईंचे वय तेव्हा 102. नजर जवळजवळ गेलेली. मधल्या जवळपास ऐंशी वर्षांत घटसर्पाविषयी काय काय कळले, हे ओळखीच्या लोकांनी इंटरनेटवर शोधून त्यांना ऐकवले आणि त्यांनी ते डोक्यात साठवले. 13 मे रोजी अधिष्ठाता आणि प्राध्यापक त्यांच्या बर्लिनमधल्या घरी आले आणि बैठकीच्या खोलीत तोंडी परीक्षा झाली. त्या उत्तीर्ण झाल्या आणि जून महिन्यात पदवी स्वीकारली. 2017 मध्ये त्यांचे निधन झाले.

अशी माणसे अपवाद असतात, हे खरेच. पण सामान्य मेंदूविषयीची माहितीही तितकी निराश करणारी नाही. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या बौद्धिक क्षमता वेगवेगळ्या वयात कळसाला पोहोचतात असे दिसले. माहितीवर चटकन प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आसपासच उतरू लागतो. शब्दसंपत्ती मात्र साठीनंतरही वाढत राहते. म्हणजे पंचेचाळिशीतला शिक्षक सांख्यिकीचे सॉफ्टवेअर शिकायला पंचविशीतल्या मुलापेक्षा जास्त वेळ घेईल. पण वाचलेल्या दहा निबंधांतून कुठला पोकळ आहे हे त्याला आधी कळेल. म्हणूनच कोर्सवर्कच्या पहिल्या सहा महिन्यांत खचून जाण्याचे कारण नाही. तिथे मोजली जाते ती नेमकी वयाबरोबर मंदावणारी गोष्ट.

डोळ्यांचे मात्र ऐकावे लागते. जवळचे वाचायला लागणाऱ्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात, ते उगीच नव्हे. डोळ्यातले भिंग वयाबरोबर कडक होते आणि जवळच्या वस्तूवर नजर नीट ठरत नाही. मोबाइलच्या पडद्यावर रात्री बारा वाजता पीडीएफ वाचून डोके दुखते ते पुष्कळदा विषय अवघड असल्यामुळे नव्हे, चष्मा लावायचा राहिल्यामुळे. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते.

त्याहून गंभीर बाब झोपेची. नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांना वेळ काढायचा म्हटला की पहिली कात्री झोपेला लागते. शिकागो विद्यापीठात 1999 मध्ये अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले गेले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता ठळकपणे घसरली. ते तरुण आणि निरोगी होते. आपल्याकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आणि 13 कोटींहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. चाळिशी ओलांडलेला, खुर्चीवर बसून काम करणारा, घरात मधुमेहाचा इतिहास असलेला माणूस पाच-सहा वर्षे झोप कमी करणार असेल, तर नोंदणीच्या पावतीबरोबर त्याने एचबीए1सी आणि रक्तदाबाची नोंदही फाइलला लावावी. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचाच असतो. त्याच दिवशी या दोन तपासण्या उरकता येतात.

आणि रस्ता. सेनगावहून हिंगोली, पुढे कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेड, असे एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. सकाळी सहाला उठून, शाळा-कॉलेज करून, दुपारी नांदेड गाठून, रात्री अकराला मोटारसायकलवर परतणारे संशोधक कमी नाहीत. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंद होते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे हा न पिणारा शिक्षक रस्त्यावर त्या मर्यादेपलीकडचा धोका घेऊन चाललेला असतो. नांदेडला मुक्काम करा, एसटीने या. पण झोपेत हँडल धरू नका.

मनाचे दुखणे यापेक्षा कमी दिसते आणि जास्त काळ टिकते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील 3659 पीएचडी विद्यार्थ्यांच्या 2017 मधल्या अभ्यासात 32 टक्क्यांना मानसिक आजाराचा धोका असल्याचे आढळले. 2018 मध्ये 26 देशांतील 2279 संशोधक विद्यार्थ्यांच्या पाहणीत 41 टक्क्यांमध्ये चिंतेची आणि 39 टक्क्यांमध्ये नैराश्याची मध्यम ते तीव्र लक्षणे होती. दुसऱ्या पाहणीत लोकांनी स्वतःहून भाग घेतला होता, त्यामुळे ज्यांना त्रास होत होता तेच जास्त आले असण्याची शक्यता आहे. आकडा जसाच्या तसा मराठवाड्याला लावता येणार नाही. फ्लँडर्सच्या अभ्यासाने कारणे शोधली ती मात्र इथेही ओळखीची वाटतील: घर आणि काम यांची ओढाताण, कामाचा बोजा, आणि मार्गदर्शकाची वागण्याची पद्धत.

जुन्या विद्यापीठात परतणाऱ्याला यात एक वेगळा पदर असतो. ज्याच्याबरोबर वसतिगृहात एका ताटात भाकरी खाल्ली, तो आता विभागात प्राध्यापक असतो आणि त्याला अरे-तुरे सोडून ‘सर’ म्हणावे लागते. कधी मार्गदर्शक दहा वर्षांनी लहान निघतो. ज्या कट्ट्यावर मित्रांचा गोतावळा असायचा तिथे अनोळखी मुले मोबाइल पाहत बसलेली असतात. घराच्या ओढीने येणाऱ्या खिन्नतेला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. तो शब्द प्रथम आला तोही एका वैद्यकीय प्रबंधात: योहानेस होफर या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेल विद्यापीठात तो मांडला, आणि त्याच्या लेखी तो चक्क आजार होता. आज त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण आवार जसे आठवते तसे ते उरलेले नाही, ही हुरहुर पहिल्या काही महिन्यांत अनेकांना गाठते आणि ती विषयाच्या नावडीसारखी भासते. तेवढ्यावरून नोंदणी रद्द करण्याची घाई करू नये.

महिलांसाठी नियम थोडे सैल आहेत. 2022 च्या नियमांत पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करायची आहे. त्यापुढे फेरनोंदणी करून दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. अंशकालीन पीएचडीला परवानगी आहे, मात्र कामाच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल असे लिहून द्यावे लागते. हा कागद अनेक जण केवळ सहीसाठी फिरवतात. खरे तर वेळापत्रकाविषयी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांशी मोकळे बोलण्याची तीच एक संधी असते. ज्यांची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आहे अशा मार्गदर्शकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेव्हा ती तारीख आधीच विचारावी. संकोच वाटला तरी विचारावी. त्यांच्याकडे याआधी नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांनी प्रबंध दिला आणि किती मध्येच सोडून गेले, हे त्या सोडून गेलेल्यांकडूनच कळते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, मार्गदर्शकाचा फोन आला की छातीत धडधड होऊ लागली, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार घोळू लागले, तर तो आळस किंवा नालायकपणा नव्हे. त्यावर उपचार आहेत. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.